अंगठी घट्ट कां झाली?

बोटांतील अंगठी निघेनाशी झाली, कीं आपण सोनाराकडे जातों. पायांतील वहाण आवळूं लागली, कीं नवी घेतों. परंतु ऐन चाळिशींत हातपाय कां वाढावे, हा प्रश्न फारसा कोणास सुचत नाहीं. ह्याचें कारण क्वचित् मस्तकांत असतें.

मेंदूच्या तळाशीं, हाडाच्या लहानशा खळग्यांत, वाटाण्याएवढी पोषग्रंथि असते. डॉक्टर तिला पिट्युइटरी म्हणतात. शरीराच्या वाढीचें हॉर्मोन ती रक्तांत सोडते. तिच्यांत गांठ उत्पन्न झाली (ही गांठ बहुधा कर्करोगाची नसते), तर कधीं कधीं हें हॉर्मोन बेसुमार स्रवूं लागतें. हाडांची लांबी वाढण्याचें वय सरलें नसेल, तर मनुष्य राक्षसासारखा उंच होतो.

चार्ल्स बर्न हा आयरिश तरुण साडेसात फुटांहून उंच होता. लंडनमध्यें लोक पैसे देऊन त्यास पाहावयास येत. १७८३ सालीं, अवघ्या २२ व्या वर्षीं, तो वारला. आपला देह समुद्रांत बुडवावा, ही त्याची इच्छा. पण जॉन हंटर ह्या शस्त्रवैद्यानें तो मिळवून सांगाडा आपल्या संग्रहांत ठेवला. विद्येच्या नांवानें झाली तरी आम्ही ह्यास चोरीच म्हणूं. १९०९ सालीं हार्वे कुशिंग व आर्थर कीथ ह्यांनीं कवटी उघडली, तों ग्रंथीचा खळगा पुष्कळ मोठा झालेला आढळला. पुढें त्याच्या दांतांतील डी. एन. ए. मध्यें जो आनुवंशिक दोष सांपडला, तोच उत्तर आयर्लंडांतील कांहीं विद्यमान कुटुंबांतहि असल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. हंटेरियन संग्रहालय २०२३ मध्यें पुन्हा उघडलें, तेव्हां सांगाडा मांडण्यांत आला नाहीं.

प्रौढपणीं गांठ झाल्यास उंची वाढत नाहीं. पंजे रुंदावतात, जबडा पुढें येतो, दांतांत फटी पडतात, जीभ जाड व आवाज घोगरा होतो, घाम फार येतो. १८८६ सालीं पिएर मारी ह्यांनीं ह्या विकारास ॲक्रोमेगॅली हें नांव दिलें. आंत हृदय वाढतें, रक्तदाब व मधुमेह जडतात. गांठ दृष्टीच्या तंतूंवर दाबली, तर दोहों बाजूंचें दिसेनासें होतें.

हें सारें इतक्या सावकाश घडतें, कीं रोज एका पंक्तीस बसणाऱ्यांनाहि तें कळत नाहीं. पुष्कळ वर्षांनीं माहेरीं आलेल्या आत्याबाईच विचारतात, "अरे, तुझा चेहरा असा कसा झाला?" अशा वेळीं लग्नांतला फोटो काढून शेजारीं धरावा आणि तो घेऊनच डॉक्टरांकडे जावें. रक्ताची तपासणी व एम्. आर्. आय्. ह्यांनीं निदान होतें. गांठ बहुधा नाकावाटें काढितात, शिवाय औषधेंहि आहेत. उपचारानंतर मऊ भागांची सूज बरीच उतरते, अंगठीहि सैल होते. वाढलेलें हाड मात्र मागें फिरत नाहीं.