चिकटा निघावा, रंग राहावा

दारावर चिकटविलेला कागद ओरबाडून काढणे हे क्षणाचे काम आहे. परंतु त्याच्यामागे राहिलेला चिकटा काढणे हे धीराचे व विचाराचे काम आहे. शाळेच्या दारांवर सूचना लागतात, कपाटांवर नावांच्या चिठ्ठ्या लागतात आणि निवडणुकीच्या दिवसांत तर भिंती भित्तिपत्रकांनी भरून जातात. पुढे कागद निघतो व तेथे एक खरबरीत, धुळीने काळवंडलेला डाग उरतो. तो पाहून एखादा उतावळा मुलगा चाकूने खरवडू लागतो. चिकटा निघतो खरा, पण त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही निघतो. डाग आज ना उद्या पुसता आला असता. उडालेला रंग मात्र रंगाऱ्याला बोलाविल्यावाचून परत येत नाही, आणि तोपर्यंत उघड्या पडलेल्या लाकडात पावसाळ्याची ओल शिरते.

चिकटा आणि रंग ही एका अर्थाने भावंडेच होत. रंग म्हणजे तरी काय? रंगद्रव्याची बारीक पूड आणि त्या पुडीला पृष्ठभागाशी बांधून ठेवणारे एखादे चिकट द्रव्य. म्हणून चिकटा सोडविण्यासाठी आपण जो पदार्थ वापरू, तो रंगातील या बंधकालाही सोडवील की काय, हाच खरा प्रश्न आहे. एकाला सोडविणारा आणि दुसऱ्याला न शिवणारा पदार्थ सापडला, की निम्मे काम झाले.

पिठाची खळ व डिंक पाणी निघून गेल्यामुळे वाळतात. त्यांना पाणी परत दिले की ते पुन्हा मऊ होतात. तैलरंग दिलेल्या दारावर खळीचा डाग असेल, तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके त्यावर दहा-पंधरा मिनिटे नुसते ठेवून द्यावे. घासू नये. खळ फुगते व हलक्या हाताने पुसली जाते. तैलरंगाला एवढ्या पाण्याचे भय नसते. कारण त्यातील जवसासारखे तेल केवळ सुकत नाही, तर हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट जाळ्यासारखे बनलेले असते. मात्र रंगाला आधीच भेगा पडल्या असतील, तर पाणी त्यांतून आत शिरते, हे विसरू नये.

चिकटपट्टीची गोष्ट निराळी. तिच्या पाठीवरचा चिकटा बहुधा रबरासारख्या पदार्थाचा असतो. त्यावर घागरभर पाणी ओतले तरी तो ढिम्म हलत नाही. येथे घरातले खोबरेल तेल उपयोगी पडते. ते बोटाने डागावर लावून अर्धा तास थांबावे. तेल चिकट्यात मुरते, तो मऊ पडतो आणि अंगठ्याने चोळला असता त्याच्या गोळ्या होऊन सुटू लागतो. खरवडणे भागच पडले, तर प्लॅस्टिकच्या पट्टीची कड आडवी धरून सरकवावी. लोखंडी पाते मुळीच नको. शेवटी साबणाच्या पाण्याचे फडके फिरवून तेल पुसावे, नाहीतर त्यावर धूळ बसते व एक डाग जाऊन दुसरा येतो.

हीच युक्ती चुन्याच्या भिंतीवर केली तर? चुना तेल शोषून घेतो आणि भिंतीवर कायमचा डाग पडतो. साध्या डिस्टेंपरचा बंधक पाण्याने सुटणारा असल्यामुळे तेथे ओले फडकेही रंग घेऊन येते. अशा भिंतीवरचा चिकटा कोरडाच, हळूहळू सोडवावा व उरलेल्या जागी रंगाचा हात द्यावा, हे उत्तम.

काही जण नखांचा रंग पुसण्याचे द्रव किंवा थिनर आणतात. नखांचा रंग हेही एक रोगणच आहे. जे द्रव त्याला विरघळविते, ते कपाटाच्या झिलईवर दया का करील? शिवाय ही द्रवे चटकन पेट घेतात. तेव्हा मुलांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. कोणताही उपाय प्रथम दाराच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापसाने करून पाहावा. कापसावर रंग उतरला, तर तेथेच थांबावे.

हाच प्रश्न अजिंठ्याच्या लेण्यांत फार मोठ्या रूपाने उभा राहिला. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने तेथील चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांना आणले. सुटू लागलेले रंगाचे पापुद्रे जागच्या जागी राहावेत म्हणून चित्रांवर लाखेचे द्रावण लावण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु काळाबरोबर लाख पिवळी पडली आणि तिच्यावर धुळीची पुटे चढली. ती काढावी कशी? लाख पाण्याने विरघळत नाही. उलट ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर, सरसासारख्या बंधकात कालविलेल्या रंगांनी काढलेली असल्यामुळे पाणी त्यांचे वैरीच ठरले असते. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी लाखेला सोडविणारी, पण रंगांना न दुखविणारी द्रावके निवडली आणि अगदी थोड्या थोड्या जागेवर काम करीत तो थर उतरविला. अजिंठ्याच्या काही चित्रांत निळ्या रंगासाठी राजावर्त हा मौल्यवान दगड कुटून वापरलेला आहे. निळ्यावर पिवळा थर बसला की तो हिरवट दिसतो. थर निघाला, तेथे पुन्हा निळा दिसू लागला.