मानेवरची काळी पट्टी

‘अगं, मान नीट घासत जा जरा!’ वयात आलेल्या कितीतरी मुलींनी हे आईकडून ऐकलेलं असतं. मग डाळीचं पीठ येतं, लिंबू येतं, कातडी लाल होते. पण मानेमागची ती मखमली काळी पट्टी जागची हलत नाही. हलणार कशी? तो मळ नव्हेच! बहुतेक वेळा रक्तात वाढलेल्या इन्सुलिनने ती त्वचा जाड केलेली असते.

याच मुलीची पाळी दोन-दोन महिने पुढे जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर सोनोग्राफीच्या कागदावर बरेचदा पीसीओएस हा शब्द उमटतो. बोलताना आपण पीसीओडी म्हणतो. घरात धसका बसतो, ‘अंडाशयात गाठी!’ पण त्या गाठीही नव्हेत. वाढायला निघून अर्ध्या वाटेत थबकलेले बीजकोश ते. एकेक जेमतेम २ ते ९ मिलिमीटरचा, अंडाशयाच्या कडेने मोत्यांच्या सरासारखा ओवलेला. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ साली सात स्त्रियांवरून हे चित्र मांडलं आणि दुखण्याला अंडाशयाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे १९२१ मध्येच पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ नोंदवला होता. धागा समोरच लोंबत होता!

तो धागा इन्सुलिनचा. जेवण झालं की इन्सुलिन स्नायूंना हाक मारतं: साखर आलीय, दार उघडा. पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणींचे स्नायू कानाने जड असतात. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, आणखी इन्सुलिन सोडतं. आजोबांना ऐकू यावं म्हणून आपण ओरडतो आणि सगळी चाळ दचकते ना, तसं! कारण अंडाशयाचे कान शाबूत असतात. त्या आरडाओरडीने ते जास्त टेस्टोस्टेरॉन बनवू लागतं. टेस्टोस्टेरॉनला एरवी धरून ठेवणारं प्रथिन यकृत बनवतं. तेही आता कमी पडतं. मोकाट हार्मोन वाढतं, बीजकोश थबकतात.

आणि हृदयाचा यात काय संबंध? इथे मी दर वेळी थक्क होतो. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. इन्सुलिन या अस्तराशी दोन वाटांनी बोलतं. एका वाटेने सांगतं, नायट्रिक ऑक्साइड सोड, वाहिनी सैल होऊ दे. (शरीर चक्क एका वायूतून निरोप धाडतं, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.) दुसऱ्या वाटेने सांगतं, एंडोथेलिन सोड, आवळून धर. आता बहिरेपण येतं ते पहिल्याच वाटेला! दुसरी लख्ख ऐकते. म्हणजे आवाज जितका चढेल तितकं आवळणं जास्त.

पंचविशीत हे कुणाला जाणवत नाही, आणि त्या वयात हार्ट अटॅकची शक्यता मुळात फारच कमी असते. पण पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या मानेतल्या धमनीची भिंत मोजली, तर ती सरासरीने मिलिमीटरच्या काही शतांशांनी जाड भरते. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने सांगितलं: निदान होताच साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, रक्तदाब दरवर्षी मोजा.

‘पण मी तर बारीक आहे!’ पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली छापून आलेला एक फोटो आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२! वजनकाटा आपल्याला असा बेमालूम फसवतो. त्यापेक्षा कमरेभोवतीची टेप खरं बोलते. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की कान टवकारायचे.

आणि त्या बहिऱ्या स्नायूंचं? त्यांना एक मागचं दार आहे. जिना चढताना मांडीचा स्नायू आकसतो आणि साखर आत घेणारी दारं आपसूक उघडतात. इन्सुलिनच्या हाकेची वाट न पाहता. त्याच वेळी रक्त जोरात धावतं, अस्तराला घासत जातं, आणि त्या नुसत्या घासण्याने अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत हे सगळं चालू झालेलं असतं.