प्रोग्रॅमची तालीम
कुसुमाग्रज आणि वसंतराव कानेटकर यांच्या नाशकात नाटकाची तालीम म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. संवाद बदलतात, प्रवेश मागेपुढे होतात; त्यासाठी कोणी रोज नाट्यगृह भाड्याने घेत नाही. दक्षता मात्र एक घ्यावी लागते. लेखकाने वहीत संवाद सुधारला आणि नटाच्या हाती जुनीच नक्कल राहिली, तर तो जुनेच वाक्य बोलणार. संगणकाच्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे.

27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक दगावले. पुढे 2015 च्या सिंहस्थासाठी 'कुंभथॉन' या उपक्रमात तरुणांनी गर्दीचे प्रश्न हाती घेतले. निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने सहकाऱ्यांसह पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई तयार केली. आता समजा, तुमच्या शाळेतील मुलांनी गावच्या यात्रेसाठी असाच मोजणीचा प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहायला घेतला. आकडा चुकला, तर वाट केव्हा बंद करायची हे स्वयंसेवकांना कळणार कसे? म्हणून, केलेली दुरुस्तीच चालते आहे ना, याची खात्री हवी.

मुलांचे एक फोल्डर आहे. त्याला आपण घर म्हणू. घरात 'मोजणी' नावाची खोली, म्हणजे पॅकेज. खोलीत 'मुख्य' आणि 'दाब' अशा दोन फाइली. प्रोग्रॅम रीतसर बसवला, म्हणजे इन्स्टॉल केला, की या खोलीची एक नक्कल पायथनच्या कोठारात जाते. मग मुले घरातली फाइल सुधारतात, पण प्रोग्रॅमला नावाने हाक मारली की कोठारातली जुनी नक्कलच धावून येते. दुरुस्ती होऊनही आकडा तोच! मुले बिचारी नसलेली चूक शोधत बसतात.

मग न बसवता कसे चालवावे? पुष्कळजण थेट 'मुख्य' ही फाइल चालवतात. अशा वेळी पायथन आधी त्या फाइलीच्याच खोलीत शोधतो. बाहेरचे घर त्याला दिसत नाही. फाइलीने 'मोजणी'तला 'दाब' मागितला, की 'मोजणी नावाचे काही सापडत नाही' अशी तक्रार येते. आणि कोठारात जुनी नक्कल असलीच, तर तीच उचलली जाते. उपाय सोपा आहे. घराच्या दाराशी, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरात उभे राहा आणि रोमन लिपीत टाइप करा: पायथन, मग उणे चिन्ह व त्याला जोडून एम, मग मोजणी टिंब मुख्य. शेवटी टिंब पी वाय ही शेपटी लावायची नाही. आता शोध दारापासून सुरू होतो आणि समोरची ताजी फाइलच चालते.

तुम्ही म्हणाल, कुठल्याही फोल्डरातून हाक मारता यायला हवी. त्यालाही तोड आहे. घरात पायप्रोजेक्ट टिंब टॉम्ल ही माहितीची फाइल असू द्या. 'व्हेन्व्ह' वापरून या कामापुरते वेगळे कोठार करा, म्हणजे शाळेच्या संगणकावरील इतर कामांना धक्का लागणार नाही. ही सोय 2012 पासून, पायथनच्या 3.3 आवृत्तीपासून आहे. ते कोठार चालू करून आज्ञा द्या: पिप इन्स्टॉल, उणे ई, मग एक टिंब. आता कोठारात नक्कल न जाता घराचा पत्ता तेवढा नोंदला जातो. नवी हाक किंवा बाहेरचे नवे पॅकेज जोडले, तरच ही आज्ञा पुन्हा द्यावी.

शंका आलीच, तर 'फाइल' या शब्दाच्या आगेमागे दोन-दोन अधोरेषा देऊन 'मोजणी'तल्या 'दाब'ची ती खूण छापून पाहा. कोणती प्रत चालते आहे, तिचा पत्ताच समोर येईल.

यात्रेच्या दिवशी मात्र पूर्ण बसवलेली प्रतच लावावी. आणि आदल्या संध्याकाळी दहा मुलांना ओळीने चटईवरून चालवून आकडा दहाच येतो ना, हे पाहावे.