पुरानंतर विम्याची फाईल का रेंगाळते?

कर्जतला उल्हास आणि खोपोलीला पाताळगंगा चढली की सखल भागातल्या दुकानदारांच्या पोटात गोळा येतो. कापड, पीठ, लाकूड, मशिनची मोटर, सारे तासाभरात मातीमोल होते. मग विम्याचा दावा दाखल होतो आणि कचेरीच्या चकरा सुरू होतात. ‘साहेब मुद्दाम अडवतात’ ही तक्रार नेहमीची. पण टेबलापलीकडच्या माणसाची अडचण समजली तर आपलेच काम सोपे होते.

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई, ठाणे व रायगडमधून एकाच वेळी दावे आले. आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, चारही सरकारी साधारण विमा कंपन्यांत स्वेच्छानिवृत्तीची योजना राबवली गेली होती. फायली वाढल्या, हात मात्र कमी झाले होते.

दावा अधिकाऱ्यावर दुहेरी दडपण असते. वरिष्ठ प्रलंबित दाव्यांची यादी मागतात, म्हणून निकाल लवकर हवा. पण कागद अपुरा असताना रक्कम मंजूर केली आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. मोठी रक्कम त्याच्या अधिकारातही नसते. ती फाईल वरच्या कचेरीत जाते. साहजिकच पूर्ण कागदांची फाईल आधी सुटते, अर्धवट फाईल तळाशी राहते.

म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी नुकसान होताच कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. फोटो काढावेत, पंचनाम्याची नक्कल घ्यावी. खरेदीच्या बिलांच्या व स्टॉकवहीच्या प्रती दुकानाबाहेर ठेवाव्यात. हप्ता वाचवण्यासाठी विमा कमी रकमेचा घेऊ नये. दहा लाखांच्या मालावर पाच लाखांचाच विमा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला साधारणपणे एकच लाख मिळतात.

मात्र कर्मचाऱ्यांवर ताण आहे म्हणून हक्क सोडू नये. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्वेक्षकाने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यावा. तसे न झाल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एकल मालकीच्या दुकानदाराला व सूक्ष्म उद्योगाला विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तेथे ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मिळू शकते.

टेबलापाशी वाद घालण्यापेक्षा तारखा लिहून ठेवाव्यात. दाद मागताना त्याच उपयोगी पडतात.