शिक्का सुरक्षेचा, खरखर रेडिओची

‘अहो, सर्टिफाइड माल आहे. त्याच्यामुळे खरखर कशी येईल? तुमच्या रेडिओतच काहीतरी असणार.’

गच्चीवर सोलर बसवलेले शेजारी, ते बसवून देणारे, अगदी काही हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, मित्रसुद्धा हे वाक्य इतक्यांदा ऐकवतात, की आता डोकं तापतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. इन्व्हर्टरवर शिक्का असतो, कागदही असतात. पण तपासलंय नेमकं काय, हे कुणी वाचायला जात नाही.

आपल्याकडे सौर इन्व्हर्टरसाठी बीआयएसची जी मानकं पुढे केली जातात, त्यातलं आयएस १६२२१ विद्युत सुरक्षेचं. आयएस १६१६९ हे वीज गेल्यावर इन्व्हर्टर ग्रिडला वीज देणं आपोआप थांबवतो की नाही ते पाहणारं. हे दुसरं फार मोलाचं, कारण वीज गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण या दोन्हींचा रेडिओशी संबंध नाही.

रेडिओ व्यत्ययाचं आंतरराष्ट्रीय मानक वेगळं, सिस्पर ११. आपला इन्व्हर्टर त्यातही पास असेल, समजा. तरी ते मानक मोजतं काय? ३० मेगाहर्ट्झच्या वर ते हवेतून पसरणारा व्यत्यय मोजतं. त्याखाली घरगुती इन्व्हर्टरचा व्यत्यय मोजला जातो तो फक्त वायरीत. आणि आमचा सगळ्यात गजबजलेला बँड आहे ७ मेगाहर्ट्झवर! पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरींसाठी तर या मानकात मर्यादा आली ती २०१५ च्या आवृत्तीत. शिवाय मर्यादा म्हणजे शून्य नव्हे. मर्यादेत बसणारा व्यत्ययही दुबळा सिग्नल सहज गिळतो.

आता गच्चीवर काय होतं ते बघा. पॅनेल डीसी वीज देतं. तिची २३० व्होल्टची एसी करायला इन्व्हर्टर ती वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. प्रत्येक तोडजोडीतून पटीतल्या वारंवारता निघतात, त्या पार मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात आणि फिल्टर पुरेसा नसेल तर वायरीत उतरतात. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ४२ मीटर, तिचा पाव हिस्सा साडेदहा मीटर. दुमजली बंगल्याच्या गच्चीवरून खालच्या इन्व्हर्टरपर्यंत येणारी वायर जवळपास तेवढीच असते. म्हणजे नकळत एक उत्तम अँटेना उभी राहिली. प्रयोगशाळेतल्या टेबलावर ती नव्हती.

जानेवारीतली एक संध्याकाळ सांगतो. घराचा मेन स्विच बंद केला आणि रिग, म्हणजे रेडिओ संच, बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावली, म्हणजे माझ्या घरातला एकही चार्जर संशयाला उरला नाही. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा तरीही आठवर. रिगच्या पडद्यावरच्या वॉटरफॉल आलेखावर ठरावीक अंतराने उभ्या रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या. सूर्य मावळला आणि थोड्याच वेळात त्या रेघा एका क्षणात पुसल्या गेल्या. काटा तीनवर आला. शेजारचा इन्व्हर्टर झोपला होता.

आठावरून तीन म्हणजे पाच एस-युनिटं. एका युनिटला ६ डेसिबल, म्हणजे एकूण ३०, म्हणजेच हजारपट. दिवसा मला तितकंच स्पष्ट ऐकू यायचं तर सोलापूरहून बोलणाऱ्या एखाद्या हॅमला १०० वॉटऐवजी १ लाख वॉट लावावे लागले असते. ‘थोडीशी खरखर’ म्हणतात ती ही.

संध्याकाळची ही परीक्षा साधी आहे, पण तिला एक अपवाद आहे. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर रात्रीही चालतो. तिथे मालकाला विनंती करून तो पाच मिनिटं बंद करायला लावण्यावाचून इलाज नाही.

बाकीचे गैरसमज लवकर आटपतो. ‘पॅनेलच आवाज करतं.’ पॅनेल स्वतः शांत असतं, गडबड इलेक्ट्रॉनिक्सची. ‘मायक्रोइन्व्हर्टर लावला की प्रश्न मिटला.’ मग एका खोक्याऐवजी गच्चीभर खोकी होतात. काही शांत असतात, काही नाही. प्रत्येक पॅनेलमागच्या ऑप्टिमायझरचंही तेच. ‘ही लहरींची गडबड तब्येतीला घातक.’ अजिबात नाही. दुबळा सिग्नल झाकला जातो एवढंच, माणसाला त्याने काही होत नाही. ‘सगळा दोष सोलरचाच.’ हा आम्हा हॅम लोकांचा लाडका समज. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर आणि स्कूटरचा चार्जरही तेवढेच गुन्हेगार निघतात, म्हणून आधी स्वतःचा मेन बंद करा. ‘मोबाइलच्या जमान्यात हा रिकामपणचा छंद.’ २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम तुकडी पोर्ट ब्लेअरमध्ये होती. अंदमानातले निरोप त्यांनी याच रेडिओवरून पोचवले.

पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. लक्ष्य १ कोटी घरांचं, आणि ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान. सोलर यायलाच हवं, मलाही हवंय. म्हणून तर ते बसवतानाच दोन गोष्टी मागून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. प्लस आणि मायनस वायरी एकमेकींना चिकटून आणा. दोन बाजूंनी फिरवल्या तर मधे मोठं रिंगण तयार होतं आणि तेही अँटेनासारखं वागतं. आणि इन्व्हर्टरजवळ वायरीला थोडी ढील ठेवा, व्यत्यय अडवणाऱ्या फेराइटच्या रिंगला वेढे द्यायला.

वेढे यासाठी, की वायरीवर फेराइटची एकच क्लिप अडकवून फारसं काही होत नाही. अशा वेढ्यांनी बनलेल्या चोकचा अडथळा वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पाच वेढे दिले तर साधारण पंचवीसपट. शेजाऱ्यांच्या संमतीने आम्ही मिक्स ३१ या प्रकारच्या फेराइटची मोठी रिंग घेतली आणि दोन्ही डीसी वायरी एकत्र धरून पाच वेढे दिले. एसीच्या बाजूलाही तसंच केलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी काटा चारवर होता. शेजाऱ्यांच्या सोलरच्या वीज युनिटांत काही फरक पडला नाही.

हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच आणि अंधार पडल्यावरच करून घ्या. उन्हात पॅनेल बंद करता येत नाही. वायरीत कित्येकदा तीन-चारशे व्होल्ट डीसी असतात, आणि चालू वायर कनेक्टरपाशी ओढून सोडवली तर पेटलेली ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.