मातीची धरणे आणि वस्त्राची गाळणी

मातीचे धरण पाणी अडविते असे आपण व्यवहारात म्हणत असलो, तरी भराव कितीही दाबून बसविलेला असो, त्यातून पाणी मंद गतीने पाझरतच असते. आणि त्या पाझरणाऱ्या पाण्याने जाताना मातीचे कण सोबत नेऊ नयेत, या एका बंदोबस्तावर धरणाचे आयुष्य अवलंबून असते. तो बंदोबस्त नसला म्हणजे काय ओढवते, हे अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील टीटन धरणाने ५ जून १९७६ रोजी दाखवून दिले. सुमारे ९३ मीटर उंचीच्या त्या धरणाचा गाभा सहज वाहून जाणाऱ्या गाळवट मातीचा होता आणि तो भेगाळलेल्या खडकाला पुरेशा गाळणीवाचून भिडविला होता. सकाळी मोठी गळती दृष्टीस पडली आणि दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण फुटून ११ माणसे प्राणास मुकली.

गाळणीसाठी वाळू कशी निवडावी, याचे शास्त्र कार्ल टेर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घालून दिले होते. परंतु त्या नियमात बसणारी वाळू सर्वत्र मिळत नाही, आणि याच अडचणीतून कृत्रिम तंतूंचे वस्त्र, म्हणजे जिओटेक्स्टाईल, धरणात आले. दक्षिण फ्रान्समधील वाल्क्रो येथे १९७० साली बांधलेल्या १७ मीटर उंचीच्या मातीच्या धरणात जे. पी. जिरू यांनी खालच्या अंगाच्या निचऱ्याभोवती आणि वरच्या उतारावरील दगडी पिचिंगखाली पॉलिएस्टरचे न विणलेले वस्त्र वापरले. सुमारे दोन दशकांनंतर त्याचे नमुने काढून तपासले असता, ते आपले काम नीट बजावीत असल्याचे दिसून आले.

अशा वस्त्राची निवड परस्परविरुद्ध अपेक्षांचा मेळ घालूनच करावी लागते. छिद्रे इतकी लहान हवीत की मातीतील जाडसर कण अडावेत, म्हणजे त्यांच्यामागे मधले व त्यांच्यामागे बारीक कण थोपून मातीचीच एक सूक्ष्म गाळणी तयार होते. आणि तरीही ती इतकी विपुल हवीत की वस्त्राची पारगम्यता मातीहून पुष्कळ अधिक राहून पाण्याचा दाब मागे साचू नये. ज्या मातीत मधल्या आकारमानाचे कणच नसतात, तिच्यातील बारीक कण सुटे हिंडतात आणि वस्त्रात रुतून ते बुजवितात; म्हणून कोष्टकातील आकड्यांवर न विसंबता प्रत्यक्ष जागेवरची माती व निवडलेले वस्त्र एकत्र ठेवून प्रयोगशाळेत पाणी सोडून पाहणे अगत्याचे ठरते. शिवाय वस्त्र मातीला सर्वांगाने चिकटलेले असले पाहिजे. सुरकुतीखाली बोटभर पोकळी राहिली, तर तेथे माती कालवली जाऊन गढूळ पाणी वस्त्रावर आदळते, आणि उत्तम निवडलेले कापडही चोंदते. उंचावरून टाकलेल्या दगडाने पडलेले भोक किंवा उन्हात उघडे राहून जीर्ण झालेले तंतू यांचे परिणाम याहून भयंकर असतात.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न मात्र स्थानाचा आहे. धरणाच्या सुरक्षेचा भार ज्या ठिकाणी आहे, तेथे जिओटेक्स्टाईल वापरू नये, असे धोरण अमेरिकेच्या ‘फेमा’ या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत नमूद आहे. गाभ्यालगत खोल पुरलेले वस्त्र चोंदले अथवा फाटले, तर धरण खोदल्यावाचून ते बदलता येत नाही. उलट पायथ्याचा निचरा किंवा पिचिंग उकलून दुरुस्ती करण्यास फारसा उपद्रव होत नाही.

महाराष्ट्रातील बहुसंख्य धरणे मातीची आहेत, आणि नद्यांतील वाळू दुर्मिळ व महाग होत चालली आहे. अशा वेळी खर्चाच्या तपशिलात वस्त्र स्वस्त दिसणार आणि ते गाभ्यापाशीही घालण्याचा मोह होणार, हे उघड आहे. पिचिंगखाली आणि पायथ्याच्या निचऱ्यात, मातीची चाचणी घेऊन आणि अंथरणीवर सक्त देखरेख ठेवून, त्याचा वापर अवश्य करावा; पण गाभ्याच्या रक्षणासाठी वाळूचा योग्य थर, मग ती वाळू दुरून आणावी लागो की खडी दळून करावी लागो, घातलाच पाहिजे. त्या थरावर वाचविलेल्या पैशाचा हिशेब धरणाखालच्या गावांना चुकवावा लागतो, आणि अंदाजपत्रकावर सही करताना त्यांचा विचार होणे हे अभियंत्याचे पहिले कर्तव्य आहे.