झाडाला पैसा आहे, राखणीला नाही

ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा एमआयडीसीतली निळी कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. कारखान्याचा रंग सांडपाण्यातून कासाडी नदीत जात असल्याची तक्रार होती आणि खाणं शोधत पाण्यात उतरलेली कुत्री निळी होऊन बाहेर येत होती. फोटो फिरले, बोभाटा झाला, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला टाळं लावलं. म्हणजे आधी कुत्री निळी झाली, नंतर सरकारी माणूस आला.

कासाडी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते आणि खाडीच्या काठाने कांदळवन आहे. कायद्याची तिथे वाण नाही. कांदळवनं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. २०१२मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याच्या ताब्यात द्या, असं न्यायालयाने २०१८च्या निकालात पुन्हा बजावलं. आता जमीन सातबारावर वनखात्याची झाली, तरी रात्री दोन वाजता डेब्रिजचा डंपर खाडीकडे वळला की त्याच्या आडवं कोण उभं राहणार? डंपरचालक सातबारा वाचत नाही.

हे काम वनरक्षकाचं. लोक त्याला बीटगार्ड म्हणतात. वणवा विझवायचा, अतिक्रमणाचा पंचनामा करायचा, कोर्टाच्या तारखेला जायचं, रोपवनाची मोजदाद ठेवायची आणि कुणाच्या अंगणात साप निघाला तर तिकडेही धावायचं. याच पनवेल तालुक्यात कर्नाळा अभयारण्य आहे; १९६८ सालचं, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं. मुंबई-गोवा महामार्ग थेट त्याच्या पोटातून जातो, आणि राखण तिथेही वनरक्षकाचीच. या नोकरीसाठी उमेदवार पुरुषाला अर्ध्या तासात पाच किलोमीटर धावून दाखवावं लागतं, बाईला पंचवीस मिनिटांत तीन. पुढे जे वाट्याला येतं त्याची कल्पना २० नोव्हेंबर २०२१ला ताडोबात आली. व्याघ्रगणनेच्या कामावर पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. सोबतीला होते तीन वनमजूर.

२०२३मध्ये राज्याने २,१३८ वनरक्षकांची जाहिरात काढली. एकाच खेपेला इतकी माणसं भरावी लागतात, यातच आधीची वर्षं कशी काढली असतील ते दिसतं. प्रदूषण मंडळांची गत वेगळी नाही. देशभरातल्या राज्य मंडळांची मिळून निम्म्याच्या आसपास मंजूर पदं रिकामी असल्याचं अलीकडेच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आलं.

मग पैसा नाही का? आहे, आणि गंमत इथेच आहे. वनजमीन प्रकल्पाला दिली की प्रकल्पवाल्याकडून भरपाई घेतात. त्या निधीचा, म्हणजे कॅम्पाचा, कायदा २०१६ साली झाला आणि ऑगस्ट २०१९मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम राज्यांना दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. पण याच पैशातून पगार, प्रवासभत्ता, औषधपाण्याचा खर्च करायचा नाही, असं केंद्राने तेव्हाच सांगून टाकलं. हेतू वाईट नव्हता: राज्यांनी आपला खर्च या निधीवर ढकलू नये. परिणाम मात्र असा, की रोप लावायला पैसे आहेत आणि ते राखणाऱ्या कायम माणसाचा पगार राज्याच्या तिजोरीतूनच यायला हवा. तिजोरीत हात घालताना पहिली कात्री नोकरभरतीला लागते. २०१९च्या पावसाळ्यात आपण ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. पुढे त्या वृक्षलागवडीच्या चौकशीला विधिमंडळाची समिती बसवावी लागली.

वनखात्याला माणसं द्या, असं रायगडात म्हणताना जीभ थोडी अडखळते. २५ सप्टेंबर १९३०ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात नाग्या कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मा झाले, पनवेलचे मामलेदार जोशीही त्या दिवशी प्राणाला मुकले. जंगलाचा शिपाई म्हणजे मोळी हिसकावणारा, ही आठवण इथल्या वाड्यांवर पुसलेली नाही आणि पुसावी असं मलाही वाटत नाही. म्हणून भरती करायची तर २००६च्या वनहक्क कायद्याचं भान असलेली आणि त्यातही ठाकूर-कातकरी वाड्यांवरची मुलं-मुली हवीत. जंगलाच्या वाटा त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असतात.

फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या सुमारे हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवलं, तेव्हा योसेमिटीच्या कड्यावर त्यांचाच राष्ट्रध्वज उलटा टांगला गेला आणि लोकांनी आपापल्या प्रतिनिधींना पत्रं धाडली. आपल्याकडे कुणाला काढावं लागत नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही, एवढं पुरतं. त्यावर ध्वज कोण उलटा करणार!

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरेल, पुरवणी मागण्या येतील. मार्चमध्ये अर्थसंकल्प. वनखात्याची मागणी पुष्कळदा चर्चेविनाच इतरांबरोबर मंजूर होते. पनवेल आणि उरणच्या आमदारांनी त्या आधी एक तारांकित प्रश्न टाकावा: पनवेल परिक्षेत्रात आणि कांदळवन कक्षाच्या इथल्या पथकात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि रात्रगस्तीच्या गाडीला वर्षाचं डिझेल किती? मावळच्या खासदारांनी कॅम्पाची पगाराची अट निदान गस्तीपुरती सैल करण्याचा विषय दिल्लीत काढावा. पदांचे आकडे माहितीच्या अधिकारात तुम्हीआम्हीही मागू शकतो, आणि मागावेतच. पण वनखात्याच्या मागणीवर कपात सूचना देऊन चर्चा घडवायला सभागृहातलाच माणूस लागतो.